आठवड्याला एक कप

गाडीच्या काचेवर चिकटवलेलं पत्र चिरंजीवाने तीनदा वाचलं, पण मजकूर काही बदलला नाही. इमारतीच्या पार्किंगमध्ये नुकत्याच नव्या पांढऱ्या फरशा बसवण्यात आल्या आहेत. आपल्या वाहनाखाली तेलाचा डाग आढळून आला आहे. सहा आठवड्यांत गळती बंद न झाल्यास वाहन आवाराबाहेर न्यावे लागेल. सहाव्या आठवड्याच्या शेवटी, रविवारी सकाळी अकरा वाजता पाहणी होईल. खाली सेक्रेटरींची सही होती आणि सहीखालची रेघ इतक्या जोराने ओढली होती की तिथे कागद फाटला होता.

चिरंजीव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. वडील चारचौघांत त्याची ओळख करून देताना "हे आमचे चिरंजीव" असं म्हणायचे, आणि म्हणताना सुरात किंचित दिलगिरी असायची. ऐकून ऐकून अख्खी इमारत त्याला चिरंजीव म्हणू लागली. आता तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, विमा कंपनीत दुसऱ्यांच्या गाड्यांच्या अपघातांची कागदपत्रं तपासत होता, आणि बाबांना जाऊन दहा महिने झाले होते. बाबांनी मागे दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक हे नाव, आणि दुसरी ही गाडी.

गाडी एकतीस वर्षांची होती. मूळचा रंग निळा असावा, असं घरातल्यांचं मत होतं. तिचे दरवाजे लावताना एक जण आत आणि एक जण बाहेर लागायचा, आणि हॉर्न फक्त डावीकडे वळताना वाजायचा. पण ती चालायची. महिन्यातून एकदा चिरंजीव आईला तिच्यात बसवून गावाच्या दुसऱ्या टोकाला मावशीकडे नेऊन आणायचा. एवढा एकच प्रवास, पण त्या प्रवासासाठी आई दोन दिवस आधीपासून कपडे काढून ठेवायची.

मुद्दा हाच होता. आई दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसत नव्हती. टॅक्सीत तिला मळमळायचं, सुनेच्या भावाच्या नव्या गाडीत म्हणे श्वास कोंडायचा. खरं कारण तिने सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. ड्रायव्हरशेजारची ती सीट एकतीस वर्षांत बरोबर तिच्या मापाने खचली होती, आणि तिथे बसलं की उजवीकडे कोण बसलंय हे बघायची गरज नसायची. आवाराबाहेर रस्त्यावर गाड्या उभ्या करायला मनाई होती, म्हणजे बाहेर काढलेली गाडी जाणार ती थेट भंगारात. गाडी गेली की आई घराबाहेर पडणंच सोडून देईल, हे चिरंजीवाला ठाऊक होतं.

आता ही गाडी तेल गाळायची, हे काही नवीन नव्हतं. ती पहिल्यापासून गाळायची. फार वर्षांपूर्वी एका सहलीत बाबांनी रस्त्याकडेला बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसून एका कठड्यावर ठेवली, आणि तेवढ्यात रस्ता डावीकडे की उजवीकडे यावरून त्यांचं आईशी वाजलं. वाद बाबांनी जिंकला, रस्ता चुकला, आणि पट्टी त्या कठड्यावरच राहिली. तसली पट्टी पुन्हा कुठे मिळाली नाही. तेव्हा बाबांनी त्या भोकात एका बाटलीचं बूच बसवलं आणि जाहीर केलं की पट्टीची गरज अडाणी माणसांना असते. गाडी आठवड्याला एक कप तेल गाळते, आपण आठवड्याला एक कप घालायचं, विषय संपला.

त्यासाठी पार्किंगमधल्या त्यांच्या छोट्या कपाटात तेलाचा वीस लिटरचा पत्र्याचा डबा असायचा आणि वर खिळ्याला निळ्या काठाचा, कान तुटलेला एक कप टांगलेला असायचा. बाबांनी वीस-बावीस वर्षं दर रविवारी सकाळी खाली उतरून तो एक कप इंजिनाला पाजला. आजारी असताना स्वेटर घालून उतरले, पण उतरले.

शेवटच्या आजारात, हॉस्पिटलात, त्यांनी चिरंजीवाला जवळ बोलावलं होतं. चिरंजीवाला वाटलं, आता काही तरी आयुष्यभर पुरेल असं बोलतील. तो वाकला.

"आठवड्याला एक कप," बाबा म्हणाले. "विसरू नकोस. तुझ्या आईला आता झेपायचं नाही, आणि सूनबाईला इंजिन म्हणजे काय ते ठाऊक नाही. तू घाल. आणि त्या दोघींना सांगत बसू नकोस, उगाच काळजी करतील."

चिरंजीवाने मान डोलावली, आणि तेव्हापासून एकही रविवार चुकवला नाही. सकाळी पेपर आणायला म्हणून तो खाली उतरायचा, कपभर तेल घालायचा आणि हात पुसत वर यायचा. कप त्याला नेहमी ओलाच सापडायचा. तेल काही पाण्यासारखं वाळत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

मात्र बाबांच्या वेळी बशीएवढा असणारा डाग हल्ली ताटाएवढा झाला होता. गाडी म्हातारी झाली, दुसरं काय.

पत्र आलं त्या शनिवारी चिरंजीवाने बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, आणि चोर त्याला लगेच सापडला. इंजिनाच्या डोक्यावर जे पत्र्याचं झाकण असतं, त्याच्या कडेने तेल पाझरत होतं. झाकणाखालचं बुचाचं पॅकिंग इतकं जुनं झालं होतं की बोट लावताच त्याचे तुकडे पडले. स्पेअर पार्टच्या दुकानदाराला गाडीचं नाव सांगितल्यावर त्याने आधी शोक व्यक्त केला आणि मग असं पॅकिंग मिळणार नाही असं सांगितलं. बुचाचा चांगला तक्ता मिळाला तर घरीच कापून घ्या, असा सल्लाही दिला.

बुचाचा चांगला तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. त्यावर चिरंजीवाची बायको, म्हणजे घरातल्यांची सूनबाई, वाण्याची यादी, डॉक्टरांच्या तारखा आणि विजेचं बिल टाचणीने लावून ठेवायची. ती दुपारी घरी आली तेव्हा यादी, तारखा आणि बिल ओट्यावर व्यवस्थित रचून ठेवलेलं होतं आणि भिंतीवर नुसती लाकडी चौकट होती.

"माझा बोर्ड?" तिने विचारलं.

"गाडीत आहे," चिरंजीव म्हणाला, आणि आपण काही वावगं बोललो असं त्याला वाटलंही नाही.

पहिलं पॅकिंग उलटं कापलं गेलं होतं, म्हणून दुसरं कापावं लागलं. बोर्ड नेमका दोन पॅकिंगांपुरताच होता. संध्याकाळी त्याने झाकण बसवलं, नट आवळले, गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवला आणि वर जाऊन हातावरचं तेल काढायला सूनबाईचा महागडा साबण अर्धा संपवला. सकाळी पुठ्ठा कोरा होता. दुसऱ्या दिवशीही, आणि तिसऱ्याही. चिरंजीवाची छाती दोन इंच फुगली. जे बाबांना वीस वर्षांत जमलं नाही ते आपण एका दुपारी केलं, हे त्याने ऑफिसात पाच जणांना सांगितलं.

घरात मात्र म्हणावं तसं कौतुक झालं नाही. आईने गॅलरीतून खाली बघितलं, तो कोरा पुठ्ठा बघून तिचा चेहरा जरा उतरला, आणि "तेल संपलं की काय रे आतलं?" एवढंच ती म्हणाली. सूनबाईनेही त्या आठवड्यात दोनदा विचारलं की गाडी बरी आहे ना. रविवारी चिरंजीवालाही क्षणभर शंका आली. डाग नाही, म्हणजे आता कप घालायचा की नाही? पण बाबांनी आठवड्याला एक म्हटलं होतं, डाग असेल तर असं म्हटलं नव्हतं. त्याने घातला.

दहाव्या दिवशी पुठ्ठ्यावर डाग उमटला. या वेळी तो झाकणाखाली नव्हता, बाजूला होता.

चिरंजीवाने आता मिस्त्रींना फोन केला. मिस्त्री म्हणजे बाबांच्याच वयाचे मेकॅनिक. गॅरेज त्यांनी केव्हाच बंद केलं होतं, पण ही एक गाडी ते सोडायला तयार नव्हते. ते आले की आधी टायरला थोपटायचे, मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटून ऐकत बसायचे. त्यांनी तसं ऐकलं, मान हलवली आणि निदान केलं.

"धाकटे साहेब, वरचं दार तुम्ही बंद केलंत. तेल आता खिडकीतून निघालंय. इंजिनाला लावलेल्या पेट्रोलच्या पंपाखालचं पॅकिंग गेलं."

ते पॅकिंग मिस्त्रींनी आपल्या पिशवीतून काढून बसवलं. चिरंजीव चहा सांगायला वर गेला, खाली येईपर्यंत बॉनेट बंद झालं होतं आणि मिस्त्री हात पुसत होते. पुन्हा आठवडाभर पुठ्ठा कोरा राहिला, पुन्हा आई गॅलरीत अस्वस्थ झाली, आणि सूनबाई, जी एरवी कचरा टाकायला नवऱ्याला पिटाळायची, ती हल्ली आपणहून आणि आठवड्यातून दोनदा खाली जाऊ लागली. चिरंजीवाला वाटलं, बोर्डाचा राग गेला वाटतं.

पाचव्या आठवड्यात मावशीकडे जायचा दिवस आला. गाडी आवारातून निघाली ती ठीक निघाली. पहिल्या सिग्नलला चिरंजीवाने आरशात बघितलं, तर मागची बस दिसेना. पुढच्या सिग्नलला मागचा रस्ताच दिसेना. गाडीच्या मागून असा दाट निळसर धूर निघत होता की एक माणूस सायकलवरून खाली उतरून, नाकाला रुमाल लावून, दोघांकडे सहानुभूतीने बघत उभा राहिला. आई मात्र खुशीत होती. सगळे वाट देताहेत, असं ती म्हणाली. बाबा असताना एवढा मान कुणी दिला नव्हता, असंही म्हणाली.

परत आल्यावर पुठ्ठ्यावरचा डाग चादरीएवढा होता आणि तो आता मागच्या बाजूला होता. मिस्त्रींनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. या वेळी त्यांचा चेहरा डॉक्टरांसारखा झाला. इंजिनाच्या मागचं सील गेलं होतं. म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, म्हणजे पूर्ण दिवसाचं काम. पाहणी रविवारी होती. शनिवार एवढा एकच दिवस हातात होता.

"आणि नाही झालं तर?" चिरंजीवाने विचारलं.

मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत ठेवला. त्यांनी टायरला थोपटलं.

शनिवारी सकाळी नऊला पार्किंगमध्ये सगळे जमले. नव्या फरशांवर सूनबाईने घरातले सगळे पुठ्ठे आणि चार महिन्यांचे पेपर अंथरले. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. आईने वरून खुर्ची मागवली आणि ऑपरेशन थिएटरबाहेर बसावं तशी ती हात मांडीवर घेऊन बसली. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी तेल काढायला हवं, आणि तेल पातळ व्हावं म्हणून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं. मग मिस्त्री गाडीखाली आडवे झाले, तेल धरायची खोलगट परात त्यांनी नेमकी खाली ठेवली आणि इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरचा नट सैल केला.

नट सुटला तो तेलाच्या धारेबरोबर परातीतच पडला. एरवी त्याचं काही वाटलं नसतं. इंजिनात साडेतीन लिटर तेल मावतं, परात पाच लिटरची होती. सगळं तेल निथळलं की तळातून नट काढायचा, मिस्त्रींनी आयुष्यात हजार वेळा केलं होतं.

परात निम्मी झाली. मग पाऊण झाली. मिस्त्रींनी धारेकडे बघितलं. धार पहिल्यासारखीच जाड होती.

"धाकटे साहेब," ते गाडीखालून शांतपणे म्हणाले, "एक बादली द्या."

चिरंजीवाने बादली सरकवली. गाडी धुवायची बादली ती, तिच्या बुडाला चीर होती हे तेल पडल्यावर कळलं. तेल पेपरांवरून विशेष पुरवणीपर्यंत पोहोचलं तेव्हा सूनबाई जिन्याने वर धावली आणि हाताला लागेल ते घेऊन खाली आली. आधी मोठं पातेलं आलं. मग कुकर आला. कुकर बघून आईने "त्याची शिट्टी काढून ठेव गं" अशी सूचना केली. मिस्त्री खालून भांडं भरलं की सरकवत होते, चिरंजीव रिकामं देत होता, आणि गरम तेल दोघांच्या कोपरापर्यंत पोहोचलं होतं. नट परातीच्या तळाशी काळ्या तेलात कुठे तरी होता, आणि परात आता जागची हलवायची सोय नव्हती.

नेमके अशा वेळी सेक्रेटरी कुंड्यांना पाणी घालायला झारी घेऊन खाली उतरले. त्यांनी समोरचं दृश्य बघितलं आणि ते झारीसकट जागीच थबकले. पांढऱ्या फरशा त्यांनी स्वतः निवडल्या होत्या, सहा दुकानं फिरून. ते काही बोलणार एवढ्यात सूनबाईने त्यांच्या हातातली झारी घेतली, त्यातलं पाणी कुंडीत ओतलं आणि झारी गाडीखाली सरकवली. झारीत शेवटचं अर्धा लिटर तेल मावलं. भरलेली झारी तिने सेक्रेटरींच्या हातात परत दिली, कारण ती खाली ठेवायला पेपरांवर जागाच उरली नव्हती. सेक्रेटरी ती अंगापासून लांब धरून, तोटी वर करून, जागच्या जागी उभे राहिले.

धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. मिस्त्री बाहेर आले. त्यांनी भांडी नजरेने मोजली, पुन्हा मोजली, आणि कपड्याने हात पुसत चिरंजीवाकडे बघितलं.

"आठ लिटर," ते म्हणाले. "साडेतीनच्या पोटात आठ. साहेब, लोकांच्या इंजिनात तेल असतं, इथं तेलात इंजिन बुडवून ठेवलंय. दारं बंद केली तर ते बिचारं जाणार कुठं? सीलला काही झालेलं नाही. ही गाडी गळत नव्हती, सांडत होती. कोण घालतंय एवढं?"

चिरंजीवाचा चेहरा पडला. आठवड्याला एक कप, असं तो म्हणाला. त्याहून थेंबभर जास्त नाही. बाबांनीच सांगितलं होतं, हॉस्पिटलात, जवळ बोलावून. ही गोष्ट त्याने दहा महिने एकट्याने जपली होती.

"रविवारी?" आईने विचारलं.

"हो. का?"

आई खुर्चीत सावरून बसली. "मी बुधवारी घालते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं ऑफिसला गेलात की. उन्हाला बसते म्हणून सांगते ना, ते उन्हाला नाही बसत मी. मला म्हणाले होते, चिरंजीव विसरेल गं. तो परीक्षेच्या दिवशी पेन विसरायचा. तूच घालत जा, पण त्याला कळू देऊ नकोस, त्याला वाईट वाटेल."

यावर कुणी काही बोलायच्या आधी सूनबाई जिन्याच्या पायरीवर बसली. तिच्या हातात कुकरची शिट्टी होती.

"मी शुक्रवारी," ती म्हणाली. "कचरा टाकायला उतरते तेव्हा. मला म्हणाले, आईंना जिने झेपायचे नाहीत, आणि ह्यांच्या लक्षात राहायचं नाही. या घरात व्यवहार कळतो तो तुलाच. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं काही म्हणाले होते ते. मग मी कशी चुकवणार?" थोडं थांबून तिने पुढचंही सांगून टाकलं. "डाग दिसेनासा झाला तेव्हा घाबरले. वाटलं, तेलच संपलं. मग दोन-दोन घालायला लागले."

"मीपण दोन घातले," आई म्हणाली. "कोरं दिसायला लागलं की जीव घाबरायचा."

चिरंजीव पुठ्ठ्यावरच खाली बसला. त्याच्या डोळ्यांसमोर तो हॉस्पिटलमधला पलंग आला. एकेकाला जवळ बोलावणारे बाबा आले. आपल्याला वाटत होतं, एवढ्या सगळ्यांत आपल्यावर विश्वास टाकला. त्यांनी टाकला होता, पण तिघांवर टाकला होता, म्हणजे एकावरही टाकला नव्हता. आणि तिघांनी दहा महिने एकमेकांपासून लपवून, पेपर, ऊन आणि कचरा अशी निमित्तं काढून, त्या माणसाचा शब्द इतक्या निष्ठेने पाळला होता की इंजिनाला बुडायची वेळ आली होती. त्याला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि हाताला तेल असल्यामुळे डोळे पुसता येईनात.

आई मात्र आधी हसली आणि मग मोकळेपणाने रडली. "ते घरी आले की खाली डाग पडायचा," ती म्हणाली. "मला गॅलरीतून दिसायचा. ताजा डाग दिसला की मी आमटी गरम करायला ठेवायची. म्हणून मला तो हवा असायचा. तुला सांगितलं असतं तर तू मला वेड्यात काढलं असतंस."

"नसतं काढलं," चिरंजीव म्हणाला.

 मिस्त्री परातीत हात घालून नट शोधत होते, आणि जरा जास्तच वेळ शोधत होते. मग नट सापडला तसा तो पुसत, वर न बघता ते म्हणाले, "एक-एक कप मीपण घालून जायचो. जेव्हा जेव्हा आलो तेव्हा. मला दवाखान्यात बोलावून घेतलं होतं साहेबांनी. म्हणाले, मिस्त्री, घरात तीन माणसं आहेत, पण एकाचाही भरवसा नाही."

आई डोळे पुसता पुसता पुन्हा हसायला लागली. तिचं ते हसणं ऐकून सूनबाईला हसू फुटलं आणि मग मिस्त्रीही गालात हसले. झारी धरून उभे असलेले सेक्रेटरी मात्र गंभीर होते. बाबांशी त्यांचा चोवीस वर्षांचा शेजार होता.

"मला काहीच सांगितलं नाही त्यांनी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा रुसवा होता.

गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही. मिस्त्रींनी नट आवळला आणि साडेतीन लिटर मोजून तेल भरलं. मग पिशवीतून कुठल्याशा भंगार गाडीची पट्टी काढली, बूच उपटून त्या भोकात ती घातली, आणि तेल जिथे पोहोचलं तिथे कानशीने एक खूण केली. खुणेपर्यंत असलं तर हात लावायचा नाही, असं त्यांनी चौघांना बजावलं. चौथे ते स्वतःच होते. दुपारभर सगळ्यांनी मिळून फरशा घासल्या. सेक्रेटरींनी स्वतः ब्रश आणला, आणि कुठला कोपरा राहिला हेही स्वतःच दाखवलं. पातेलं आणि कुकर स्वयंपाकघरात परत जाऊ शकले नाहीत. सूनबाईने त्यांच्याकडे एकदा बघितलं, एकदा रिकाम्या बोर्डाच्या चौकटीची आठवण करून दिली, आणि विषय तात्पुरता सोडला.

रविवारी अकरा वाजता सेक्रेटरींनी गाडीखाली पांढरा कागद सरकवला, घड्याळ लावून तासभर वाट बघितली आणि कागद काढून उजेडात उलटसुलट करून बघितला. कागद कोरा होता. गाडी राहिली. आईने तो कागद मागून घेतला आणि घडी करून आपल्या कपाटात ठेवला. चिरंजीवाने कारण विचारलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी चिरंजीवाला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. तो आवारात शिरला तेव्हा गाडीचं बॉनेट उघडं होतं. आई पुढे वाकून उभी होती, आणि तिच्या हातात तो निळ्या काठाचा कप होता.  चिरंजीव हाक मारणार होता, पण मारली नाही, जिन्याच्या भिंतीआड थांबला.

आईने पट्टी काढली. रुमालाने पुसली, परत आत घातली, पुन्हा काढली, आणि चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरली. बराच वेळ बघितलं. मग पट्टी जागच्या जागी बसवली आणि रिकामा कप खिळ्याला टांगला.

"पुरे आहे हं," ती गाडीला म्हणाली. "काळजी करू नका."

चिरंजीव पाय न वाजवता जिना चढायला वळला, तर वरून सूनबाई उतरत होती. तीही ऑफिसातून लवकर आली होती. तिच्या हातात कचऱ्याची पिशवी होती, आणि पिशवी रिकामी होती. दोघं एकमेकांकडे बघत पायरीवर उभे राहिले. तिने भुवया उंचावून खाली बोट दाखवलं. त्याने मान डोलावली.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन थरथरला. मिस्त्री होते.

"धाकटे साहेब, सहज केला फोन," ते म्हणाले. "तेल बघितलं का कुणी?"

"बघताहेत," चिरंजीव हळूच म्हणाला, आणि आई वर यायच्या आधी दोघं पाय न वाजवता घरात शिरले.